सायकलवरचे दप्तर : पाठीवर की कॅरिअरवर?

केज तालुक्यातील युसूफ वडगाव असो की जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, सकाळी वाड्या-वस्त्यांवरून सायकलने शाळेला निघालेली मुले दिसतात. मान, खांदे किंवा कंबर दुखते अशी तक्रार या मुलांनी केली, तर पालकांनी आधी त्यांचे दप्तर तपासावे.

सायकलस्वार पुढे वाकलेला असतो आणि रस्ता पाहण्यासाठी मान वर धरतो. त्यात पाठीवर ओझे असले की मान व कंबरेच्या स्नायूंवर ताण वाढतो. खड्ड्यातून जाताना ओझ्याचा हिसका बसतो, तो वेगळाच. दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो, असा समज आहे; त्याला पुरेसा पुरावा नाही. पण अंगदुखी आणि तोल जाणे, हे त्रास खरे आहेत.

वजन किती असावे? मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नको. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आणि केंद्राच्या दप्तर धोरणाने २०२० साली हीच मर्यादा सांगितली. म्हणजे ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. पाण्याची १ लिटरची बाटली भरली की त्यातला १ किलो तिथेच संपतो! किराणा दुकानातील काट्यावर भरलेले दप्तर एकदा तोलून पाहावे.

दप्तर घेताना काय पाहावे?

१) दोन्ही पट्टे रुंद व गादीचे असावेत. अरुंद पट्टा खांद्यात रुतून हाताला मुंग्या येऊ शकतात.

२) पट्टे आवळून दप्तर पाठीला चिकटून राहावे. ते कंबरेखाली लोंबू नये. छातीवर किंवा कंबरेवर बांधायचा पट्टा असल्यास उत्तम.

३) जाड पुस्तके पाठीच्या बाजूला, हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यात ठेवाव्यात.

४) एका खांद्यावरची पिशवी हलक्या सामानापुरतीच वापरावी. पट्टा छातीवरून तिरपा व आखूड घ्यावा आणि खांदा बदलत राहावे. नाहीतर पिशवी घसरून पुढे येते व गुडघ्याला लागते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे ओझे सायकलवर टाकणे. दप्तर कॅरिअरवर ठेवून रबरी पट्ट्याने घट्ट बांधावे. सुटे बंद आत खोचावेत, म्हणजे ते चाकात अडकणार नाहीत. उन्हाळ्यात पाठही मोकळी राहते, घामोळे कमी होते. हँडलला मात्र जड पिशवी अडकवू नये. वळताना तोल जातो.

दप्तर हलके करूनही दुखणे थांबले नाही, हाताला बधिरपणा आला किंवा रात्री पाठ दुखून झोपमोड होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. मलम चोळून दिवस काढू नयेत.