लाकडाच्या गॅसवर पिकअप : गाडी निवडताना

प्रश्न : आम्ही ओहायोत (अमेरिका) राहतो. घरामागे थोडं रान आहे. लाकडाच्या गॅसवर चालवायला जुना पिकअप घ्यायचाय. काय पाहून घेऊ?

उत्तर : गाडी पेट्रोलचीच घ्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. गॅस पेटवायला थोडं डिझेल जाळावंच लागतं. या गॅसमध्ये जवळपास निम्मा नायट्रोजन असतो, त्यामुळे ताकद बरीच घटते. म्हणून इंजिन मोठं हवं. १९९२ ते १९९६ मधला, ५.२ लिटर व्ही-८ इंजिनाचा डॉज डकोटा उत्तम. हा गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगीची वेळ आधी आणता येईल का, हे मेकॅनिकला विचारा. हौदा लांब हवा. लाकडापासून गॅस बनवणारी भट्टी, गॅसची गाळणी आणि लाकडाची पोती तिथेच बसवायची आहेत.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चासी गंजते. खाली शिरून हातोडीने ठोकून पाहा. पापुद्रे निघाले तर गाडी सोडा. रंग उडालेला चालेल. दक्षिणेकडची, मीठ न लागलेली गाडी मिळाली तर बरंच.

आणि एक : या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. भट्टी बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नका.