परसातील कोंबड्या : नैसर्गिक संगोपनाचा जमाखर्च

कोंबडी पाळावी लागत नाही, ती आपोआप वाढते, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. सकाळी खुराडे उघडावे, मूठभर दाणे टाकावेत आणि संध्याकाळी खुराडे लावून घ्यावे. मधल्या वेळेत उकिरडा, कुंपण आणि परसबाग तिचे पोट भरतात. कोकणातील एका तालुक्याच्या गावी बदली होऊन आलो, तेव्हा माझाही समज हाच होता. भाड्याच्या घरामागे चार गुंठ्यांचे परसू मिळाले आणि लहानपणीची हौस जागी झाली. सहा देशी कोंबड्या व एक कोंबडा आणला. खते, औषधे, विकतचे खाद्य यांपैकी काहीही न वापरता त्या ‘निसर्गावर’ वाढवायच्या, असा निश्चय केला.

त्या निश्चयाची किंमत मी मोजली. त्याहून दुःखाची गोष्ट ही, की ती माझ्या शेजारीणबाईंनाही मोजावी लागली. त्या अनुभवातून जे शिकलो, ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे. आपल्या बँकेच्या ग्रामीण शाखांतील सहकाऱ्यांना आणि परसदारी कोंबड्या बाळगणाऱ्या ग्राहकांना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा.

विषयाचे महत्त्व

परसातील कोंबडी हा किरकोळ विषय नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ ५ टक्क्यांच्याही आत राहिली. भांडवल नसलेल्या, जमीन नसलेल्या कुटुंबाच्या हाती, आणि बहुधा घरातील स्त्रीच्या हाती, रोख चार पैसे देणारे हे साधन आहे.

खुडूक कोंबडी आणि उबवण

नैसर्गिक पद्धतीचा पाया खुडूक कोंबडी हा आहे. देशी कोंबडी साधारणतः १२ ते १५ अंडी घातली की खुडूक होते. घरटे सोडत नाही, पिसे फुलवते, जवळ जाताच खेकसते. वर्षाकाठी ६० ते ८० अंडी देणारी ही कोंबडी उत्पादनात मागे वाटते. परंतु यंत्राविना पिले काढण्याचे तिचे कसब सुधारित जातींत फारसे उरलेले नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठी उत्तम आहेत व अंडीही अधिक देतात. मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी उबवायची झाल्यास देशी कोंबडीच शोधावी लागते.

उबवणीस ठेवावयाची अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ आणि तडा नसलेली असावीत. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. अधिक ठेवली तर कडेची थंड पडतात व सर्वांचेच नुकसान होते. टोपलीत तळाशी राख, वर वाळलेले गवत आणि त्यात कडुनिंबाचा थोडा वाळलेला पाला घातला, तर उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. जागा अंधारी, शांत आणि मुंग्यांपासून दूर असावी. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर जीव धरला असे समजावे. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात.

या २१ दिवसांत कोंबडी दिवसातून एकदाच, थोडा वेळ उठते. तेवढ्या वेळात तिला दाणा व पाणी हाताशी मिळाले पाहिजे. ते शोधत ती दूर गेली, तर अंडी गार होतात. माझ्या पहिल्या उबवणीत बारापैकी पाचच पिले निघाली, ती या एका हलगर्जीपणामुळे.

पिलांचे पहिले दोन महिने

अंड्यातून बाहेर आलेले पिलू पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दोन-तीन दिवस निभावू शकते. म्हणूनच मागाहून निघणाऱ्या पिलांसाठी कोंबडी घरट्यात थांबते. तिला घाईने उठवू नये. पुढे पिलांना उब आईच्या पंखांखाली मिळते. पहिल्या आठवड्यात पिलांना साधारण ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी चालते. पावसात भिजलेले पिलू मात्र आईच्या उबेनेही अनेकदा वाचत नाही.

घार, कावळा, मांजर, मुंगूस आणि साप हे पिलांचे नित्याचे वैरी. पहिले तीन-चार आठवडे कोंबडीसह पिले डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवावीत. पाणी उथळ भांड्यात द्यावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. झुडपांचा आसरा घारीपासून वाचवतो. मुंगसापासून वाचवतो तो फक्त खुराड्याचा पक्का तळ आणि रात्री न विसरता लावलेली कडी.

आहार : चरून किती भागते?

मोकळी कोंबडी किडे, गांडुळे, गवताचे कोंब, सांडलेले धान्य खाते. पावसाळ्यात हे अन्न मुबलक असते, उन्हाळ्यात आटते. तेव्हा आपण तांदळाची कणी टाकतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. वास्तविक तांदूळ किंवा ज्वारीत प्रथिने शेकडा ८ ते १० असतात, तर अंड्यावरील कोंबडीची गरज शेकडा १६ ते १८ असते. ही तूट भरून काढण्यासाठी अ‍ॅझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती, शेवग्याचा पाला, सुकटीचा चुरा, पेंड यांचा उपयोग होतो. ओलसर जागी ठेवलेली, बुरशी धरलेली भुईमुगाची पेंड किंवा मका मात्र कदापि देऊ नये. बुरशीचे विष यकृतावर आघात करते.

अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. चुनखडीचा अंश अन्नात कमी पडला की कवच पातळ होते आणि कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खाऊ लागते. ही सवय एकदा लागली की सुटणे कठीण. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; ज्या कोंबडीला गरज असते ती तो आपणहून खाते. अंड्यांची टरफले द्यायची तर भाजून, बारीक कुटून द्यावीत.

हिवाळ्यात अंडी घटली की अनेक जण कोंबडीला दोष देतात. अंडी घालण्यास तिला १४ तासांच्या आसपास उजेड मानवतो आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस ११ तासांचा असतो. त्यातच पिसे झडण्याचा काळ आला, तर तिची शक्ती नवी पिसे तयार करण्यात खर्च होते. हा तिच्या विश्रांतीचा काळ आहे. तो स्वीकारणे हाही नैसर्गिक पद्धतीचाच भाग होय.

खुराड्याची स्वच्छता

कोंबडी पाण्याने नव्हे, मातीने स्नान करते. राख, बारीक वाळू आणि कोरडी माती यांचा खड्डा छपराखाली करून दिला, की ती स्वतःच्या अंगावरील उवा बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवते. तथापि रक्त पिणारे काही बारीक लाल कीटक दिवसा खुराड्याच्या फटींत दडून बसतात व रात्री बाहेर पडतात. त्यांच्यावर मातीस्नानाची मात्रा चालत नाही. फटी बुजवाव्या लागतात, चुन्याचा हात द्यावा लागतो, फळ्या उन्हात तापवाव्या लागतात. खुराड्यात सकाळी वाकून वास घ्यावा. डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर भुसा बदलण्याची वेळ होऊन गेली असे समजावे.

निसर्गाची मर्यादा

आता त्या प्रसंगाकडे वळतो. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी आठवडी बाजारातून दोन देखण्या तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. देशी कोंबडी काटक असते, तिला लस कशाला, ही माझी ठाम समजूत होती. पाचव्या-सहाव्या दिवशी एक कोंबडी मान वाकडी करून बसली. हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, लुळे पडलेले पाय. मी हळद-लसणाचा काढा पाजत राहिलो. आठवडाभरात नऊपैकी आठ पक्षी गेले.

कुंपणापलीकडे एक विधवा मावशी राहतात. त्यांच्या अकरा कोंबड्या माझ्या परसात चरत, माझ्या त्यांच्याकडे. त्यांच्या दहा कोंबड्या गेल्या. अंड्यांच्या पैशांतून त्या आमच्या शाखेत नातीच्या नावाने आवर्ती ठेव भरत असत. पुढच्या महिन्यात हप्ता आला नाही, त्याच्या पुढच्याही महिन्यात आला नाही. थकलेल्या हप्त्यांची यादी माझ्याच टेबलावर येत असे.

हा रोग म्हणजे राणीखेत. खेड्यापाड्यांत त्यास मानमोडी म्हणतात. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्याची नोंद झाली, पाठोपाठ १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला आणि त्या गावाचे नाव त्यास चिकटले. तो विषाणूजन्य असून त्यावर औषध नाही. देशी कोंबडीही त्यातून सुटत नाही. उपाय एकच, तो म्हणजे वेळेवर लस. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने साधारणतः पुढील क्रम पाळला जातो : पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हा तीच मात्रा, आठ आठवड्यांनी आर-टू-बी लसीचे इंजेक्शन आणि परसातील पक्ष्यांना दर सहा महिन्यांनी त्याची पुनरावृत्ती. डासांमार्फतही पसरणाऱ्या देवी रोगाची लस सहा-सात आठवड्यांच्या सुमारास देतात. बाहेरून आणलेला पक्षी किमान तीन आठवडे वेगळा ठेवावा, हा नियम तर फुकटचा आहे. तोच मी मोडला होता.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये जपावी लागते आणि एकदा मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या मालकाला हे परवडत नाही, म्हणून तो लस टाळतो. उपाय एकत्र येण्यात आहे. वाडीतील सर्वांनी एकच दिवस ठरवला, तर एका कुपीत साऱ्यांचे काम होते. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गट-बँक जोडणीमुळे गावोगावी जे महिला गट उभे राहिले, त्यांच्या मासिक सभेला हा विषय सहज जोडता येतो.

अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा रस्त्यावर फेकू नयेत, चुना टाकून खोल पुरावेत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला होता. दडवलेले मरण किती दूरवर पोहोचू शकते, हे तेव्हापासून आपणास ठाऊक आहे.

हिशेबाची वही

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने शेवटी हिशेबावर येतो. खाल्लेले किंवा विकलेले अंडे हे महसुली उत्पन्न. उबवणीस ठेवलेले अंडे ही भांडवली गुंतवणूक. समजा, बारा अंडी ठेवली आणि दहा पिले निघाली. उबवण व संगोपन मिळून कोंबडी जवळजवळ तीन महिने अंडी देत नाही. दहांपैकी तीनच पिले मोठी झाली, तर बारा अंडी व तीन महिन्यांचे अंड्यांचे उत्पन्न यांची किंमत त्या तीन पिलांवर चढते. सात वाचली, तर तोच खर्च सातांवर वाटला जातो. खुराड्याची कडी, उथळ भांडे आणि लसीचा थेंब यांचे मोल या वजाबाकीत आहे. अंडी, उबवण, मृत्यू व त्याचे कारण, आणि लसीची तारीख एवढे चार रकाने वहीत पुरेसे आहेत.

व्यवसाय वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी एक नोंद : किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात पशुपालनासाठीही जाहीर झाली आणि रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे दिली. खाद्य, औषधोपचार अशा खेळत्या भांडवलासाठी कुक्कुटपालकही तिचा लाभ घेऊ शकतात. शाखेत अवश्य चौकशी करावी. तेव्हा आपली वही सोबत असेल, तर अधिकाऱ्याचेही काम सोपे होईल.

समारोप

त्या उन्हाळ्यानंतर मावशींना मी लस दिलेली सहा पिले नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, पण एक वाक्य ऐकवलेच : “साहेब, कोंबडी बोलत नसली तरी रोज सांगत असते. बघणारा पाहिजे.” नैसर्गिक संगोपनाची याहून चांगली व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही. विकतच्या वस्तू कमी करायच्या, तर त्यांची जागा आपल्या लक्षाने भरून काढावी लागते. आणि जिथे लक्षही अपुरे पडते, तिथे विज्ञानाचा हात धरावा लागतो.

आता आमच्या वाडीत लसीकरणाचा दिवस ठरलेला आहे. कुपी माझ्या घरातील फ्रीजमध्ये असते, सगळ्यांना बोलावून आणण्याचे काम मावशींकडे. त्यांच्या नातीच्या ठेवीचे थकलेले हप्ते गेल्या वर्षी पूर्ण झाले. ती नोंद मी स्वतः केली.