बारीक मुलगी, सुदृढ स्त्री?
पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील नवजात अर्भकांची इंग्लंडमधील अर्भकांशी तुलना केली (२००२-०३). सरासरी जन्मवजन २.७ विरुद्ध ३.५ किलो, स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही अधिक! म्हणजे ‘पोर बारीक आहे, मधुमेहाची कसली भीती?’ हे आजीचे समाधान फसवे ठरते. वयात येताना ईस्ट्रोजेनमुळे मुलींच्या अंगी चरबी वाढते, हाडांत कॅल्शियमही साठते. स्नायू मात्र खेळानेच कमवावे लागतात. नेमकी तेव्हाच, पाळी आली म्हणून, आपण तिचे मैदान बंद करतो, तेही प्रा. माणिकराव व जुम्मादादा व्यायाममंदिराच्या वडोदऱ्यात! वयाच्या ८ व्या वर्षाआधी स्तनवाढ दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.