मधमाशीचं पोळं आणि आपली ट्रॉली



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ८, श्लोक ९ ते १५. ज्यांच्या घरी एकनाथी भागवत आहे त्यांनी त्यातलाही आठवा अध्याय उघडावा. पैठणच्या नाथांनी एकादश स्कंधाच्या ३१ही अध्यायांवर ही टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली.

संदर्भ

अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतोय. त्यात आज मधमाशीचा नंबर. तिच्याकडून तो दोन गोष्टी शिकला. पहिली: घराघरातून थोडं थोडं घ्यावं, कुणावर भार टाकू नये. आपल्याकडचा ‘माधुकरी’ हा शब्द या मधुकरावरूनच आला. दुसरी: संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठा करू नये. हात हेच भांडं, पोट हीच कोठी. नाहीतर साठवणाऱ्या माशीसारखा माणूस साठ्यासकट बुडतो. पुढे मध काढणाराही गुरू म्हणून येतो. लोभी माणूस कष्टाने जमवतो, स्वतः खात नाही, दुसऱ्याला देत नाही, आणि शेवटी ते तिसराच कुणीतरी घेऊन जातो.

हे मी आधीही वाचलं होतं. पण खरं सांगू का, कळलं ते गेल्या दिवाळीनंतर.

माझ्या स्वयंपाकघरातलं पोळं

आई आणि आप्पा जिंतूरहून पुण्याला आमच्याकडे आले होते. आईने डबा शोधायला वरचं कपाट उघडलं. आत एकावर एक फ्री मिळालेल्या सॉसच्या बाटल्या, तारीख उलटून गेलेल्या. नूडल्सचे जंबो पॅक. फरशी पुसायचं लिक्विड तर दोन वर्षं पुरेल इतकं. आई म्हणाली, “एवढं कोण खायलंय रे? तुम्ही तर तिघंच.”

मी हसून विषय टाळला. मग तिने तूरडाळीचं पाकीट काढलं. किलोमागे बारा रुपये वाचत होते म्हणून पाच किलो घेतली होती. त्यातली दोन किलो तशीच पडून होती. आत किडे झाले होते, डाळीने जाळी धरली होती. मी पटकन पाकीट उचललं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

आप्पा समोरच बसले होते. आमच्या शेतात तूर असते. आषाढात पेरायची, पुढे अळी पडली की फवारणी, थंडीत काढणी, मग मळून मोंढ्यात न्यायची आणि काट्यावर भावासाठी उभं राहायचं. आप्पा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “दे इकडं.” आणि पेपर पसरून डाळ निवडायला बसले. दोन तास. मीठभरही बोलले नाहीत.

साठ रुपये वाचवायला गेलो आणि जवळपास तीनशेची डाळ फेकायला निघालो होतो. पण हा हिशोब तिथे फारच छोटा वाटला.

हात आणि ट्रॉली

हात हेच भांडं, हे वाचताना मला नेहमी ट्रॉली आठवते. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचे एक दुकानदार होते. त्यांच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणून १९३७ साली त्यांनी चाकांची ट्रॉली आणली. हात दुखला की ‘पुरे’ असा निरोप मिळायचा, तो निरोपच बंद झाला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लिमिट चेक काढून टाकला.

दुकानाला दोष देणं सोपं आहे. पण स्वस्त दरांनी मध्यमवर्गाचा महिना सावरला हेही खरं. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट उघडलं, २०१७ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली, आणि या सगळ्यात अनेक घरांचे चार पैसे वाचले. डाळ स्वस्त मिळणं हा दोष नाही. तीन माणसांच्या घरात ती पाच किलो का आली, हा प्रश्न माझा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून. त्यात माझं कपाटही आलंच.

मग गृहस्थाने काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हा नियम संन्याशाचा. आपल्याला मुलं आहेत, ऑफिस आहे, रोज दुकानात कोण जाणार? बरोबर आहे. आईसुद्धा वर्षाची ज्वारी एकदम भरायची. म्हणजे तीही बल्कमध्येच घ्यायची की!

याचं उत्तर मला गावाजवळच सापडलं. जिंतूरपासून थोड्याच अंतरावर नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. लहानपणी आम्ही तिथे नुसते डोंगर चढायला जायचो. जैन मुनींचं व्रत पूर्ण अपरिग्रहाचं. पण गृहस्थासाठी त्याच व्रताचं वेगळं रूप सांगितलंय: परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. किती ठेवायचं ते आधी ठरवायचं आणि तिथे थांबायचं.

आई नेमकं हेच करायची. घरात खाणारी तोंडं किती, पाव्हणेरावळे किती, महिन्याला किती पायली लागते, हे मोजून मगच धान्य घ्यायची. त्यात लिंबाचा पाला घालायची, उन्हं दाखवायची. दारात आलेल्याचा वाटाही त्या मापात धरलेला असायचा. आई माप घरातून घेऊन बाजारात जायची. मी माप दुकानातून घरी आणत होतो.

आजचा अभ्यास

१. या रविवारी खरेदीला जाण्याआधी कपाट उघडा. जे आहे ते लिहा, मग जे लागतं ते लिहा.

२. छोटं सामान असेल तर ट्रॉली घेऊ नका, टोपली घ्या. हात दुखला की नामस्मरण करत बिलिंगला जा.

३. जास्तीचं आणि चांगलं असलेलं आजच कुणाला तरी द्या. तारीख उलटायची वाट बघू नका.

ती निवडलेली डाळ आईने धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून डब्यात भरली. आम्ही ती महिनाभर खाल्ली. प्रत्येक वरणाच्या वेळी मला पेपरवर वाकलेले आप्पा दिसायचे.

पांडुरंगा, ताटात दे तेवढंच कपाटात दे, आणि पुरे म्हणायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.