घराचा आराखडा : पायाखोदाईपूर्वीचा विचार

चौथरा बांधून झाला की खोल्यांची मापे व दारांच्या जागा जवळजवळ कायमच्या ठरतात. शासकीय साहाय्याचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळत असल्याने, झालेले काम मोडून पुन्हा बांधणे लाभार्थी कुटुंबास परवडत नाही. म्हणून आराखड्याचा विचार पायाखोदाईपूर्वीच व्हावयास हवा.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले व त्यात स्वयंपाकाच्या जागेचा समावेश झाला. एवढ्या क्षेत्रात पुढील मांडणी बसते : पुढील खोली ४.५ × २.८ मीटर, तिच्यामागे स्वयंपाकघर २.१ × २.८ मीटर व निजण्याची खोली २.४ × २.८ मीटर. आतील क्षेत्र २५.२ चौरस मीटर भरते. मागील खोल्यांची दारे शेजारी-शेजारी ठेवल्यास जाण्यायेण्याची वाट एकच राहते. खाट, धान्याची कणगी व मुलांचा अभ्यास यांसाठी कोपरे मोकळे मिळतात.

महाराष्ट्रात पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून वाहतात. स्वयंपाकघर पूर्वेस असल्यास त्या दिवसांत धूर घरभर पसरत नाही. तरीही चुलीवर धुराडे व छताखाली जाळी हवीच; धुराचा त्रास सर्वाधिक होतो तो गृहिणीस व तिच्याजवळ बसणाऱ्या लहान मुलांस. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर तापते. तेथे मोठ्या खिडक्या टाळून न्हाणीघर घेणे सोयीचे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. म्हणून दारे-खिडक्या बाहेरील कोपऱ्यांपासून साधारण ६० सेंटीमीटर दूर ठेवाव्यात आणि त्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. पुढेमागे खोली वाढवावयाची असल्यास मागील भिंतीत दाराची जागा आताच राखून ती विटांनी बुजवावी.

कागदावरील नकाशा सर्वांनाच उमगतो असे नाही. यासाठी ग्रामपंचायत सदस्यांनी व अभियंत्यांनी जागेवर फक्कीने खोल्या आखून द्याव्यात व घरातील स्त्रियांना त्यातून फिरावयास सांगावे. चूल, पाण्याची घागर व दार यांतील अंतर त्या चटकन सांगतात. फक्कीची रेघ पुसून पुन्हा मारता येते. भिंतीचे तसे नाही.