मगर आणि अ‍ॅलिगेटर : भेद व स्वभाव

(सामान्य विज्ञान : इयत्ता चौथीसाठी पाठाचा आराखडा)

हेतू : मगर व अ‍ॅलिगेटर यांतील भेद मुलांस ओळखता यावा, मगरीचा स्वभाव जाणून पाणवठ्यावर सावधपणे वागण्याची सवय त्यांस लागावी.

साहित्य : मुंबई उपनगराचा नकाशा, रंगीत खडू, दोन्ही प्राण्यांच्या डोक्यांच्या आकृत्या.

प्रस्तावना : वांद्र्याजवळ माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी प्रथम नकाशावर दाखवावी. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती येते. या तलावांत आजही मगरी राहतात. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री व सांगलीकडील कृष्णा येथेही त्या आढळतात. यांपैकी एकही प्राणी अ‍ॅलिगेटर नव्हे, हे येथेच सांगावे. अ‍ॅलिगेटरच्या जाती दोनच. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात. भारतात मगर, खाऱ्या पाण्यातील मगर व घडियाल अशा तीन जाती आहेत.

विवेचन : अ‍ॅलिगेटरचे मुस्कट रुंद व गोलाकार, तर मगरीचे निमुळते, असे सामान्यतः सांगतात. परंतु आपल्याकडील मगरीचे मुस्कटही चांगलेच रुंद असते. म्हणून केवळ या खुणेवर विसंबू नये. खरी खूण दातांची होय. तोंड मिटले असता मगरीच्या खालच्या जबड्यातील चौथा दात बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटरचा तो दात वरच्या जबड्याच्या खोबणीत झाकला जातो. फळ्यावर हा दात तांबड्या खडूने काढावा. घरट्यांतही भेद आहे. अ‍ॅलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचतो. आपली मगर उन्हाळ्याच्या आरंभी काठावर खड्डा खणून त्यात सुमारे २५ ते ३० अंडी घालते. पिलू नर की मादी, हे दोघांतही घरट्याच्या उष्णतेवर ठरते.

स्वभाव : मगर थंड रक्ताची असल्यामुळे ऊन खात पडून राहते. तिचे उघडे तोंड पाहून ती चिडली आहे असे समजू नये. फार तापल्यास ती अशा रीतीने उष्णता कमी करते. सुमारे दोन महिन्यांनी अंड्यांतून पिलांचा आवाज येताच मादी घरटे उकरते व पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेते. हे पाहून ‘मगर आपलीच पिले खाते’ असा समज झाला असावा. शिक्षकांनी तो दूर करावा.

सावधगिरी : मगर पाण्यात दबा धरून काठावरील भक्ष्य अकस्मात पकडते. यास्तव मगरी असलेल्या पाण्यात मुलांनी पोहू नये, तिन्हीसांजेस काठावर बसू नये, मांसाचा टाकाऊ भाग पाण्यात टाकू नये. घरट्याजवळ मुळीच जाऊ नये. तेथे मादी राखण करते. मगरीस दगड मारू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मारणे अपराध ठरविले आहे. मगर वस्तीत आल्यास वनखात्यास कळवावे.

उजळणीचे प्रश्न :
१. मगर ओळखण्याची खात्रीची खूण कोणती?
२. मगर तोंड उघडून का पडते?
३. आपल्या गावच्या पाणवठ्यावर मगर दिसल्यास तुम्ही काय कराल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाकडून तोंडी घ्यावे. पाठाचा खरा उपयोग त्या उत्तरावरून कळेल.