पांढुर्ण्यात राहून समुद्र मोजायचा?

पांढुर्णा-सौंसरच्या घरात मुलीनं सांगितलं की उपग्रहांवरून समुद्राची पातळी मोजायचं शिकायचंय, तर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अठी समुद्र कुठी हाय?" आणि लगेच दुसरा: "नौकरी लागंन का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं जरा सांभाळून द्यावं लागतं.

जीपीएस किंवा आपल्या 'नाविक'च्या उपग्रहांचे संकेत थेट अँटेनावर येतात, तसे पाण्यावर आपटूनही येतात. आपटून आलेला संकेत जास्त वाट चालतो, म्हणून उशिरा पोचतो. त्या उशिरावरून पाण्याची पातळी निघते. एरवी हा संकेत म्हणजे ठिकाण चुकवणारी कटकट. युरोपीय अंतराळ संस्थेच्या मॅन्युएल मार्टिन-नेइरा यांनी १९९३ मध्ये तोच समुद्राची उंची मोजायला वापरावा असं सुचवलं. स्वतः लहरी सोडाव्या लागत नाहीत, त्यामुळे उपकरण हलकं राहतं. इस्रोनं १६ ऑगस्ट २०२४ ला सोडलेल्या ईओएस-०८ उपग्रहावर याच पद्धतीचं उपकरण आहे. याच संकेतांतून समुद्रावरचा वारा आणि जमिनीतला ओलावाही कळतो. कपाशी-संत्र्याच्या मुलखाला हा दुसरा उपयोग जास्त जवळचा. मात्र उपग्रह परिसराचा अंदाज देतो, तुमच्या एका बागेचा नाही.

आता नोकरी. अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र, हैदराबादचं महासागर माहिती सेवा केंद्र 'इन्कॉइस', गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही या कामाशी नातं असलेली ठिकाणं. जागा थोड्या, आणि संशोधनात जायचं तर बहुधा पीएच.डी. लागते. म्हणजे बारावीनंतर आठ-दहा वर्षं. घरची ओढाताण असेल तर हे आधीच बोलून घ्या. पण पाया वाया जात नाही: भौतिकशास्त्र, गणित आणि पायथन पक्कं असलेल्या मुलाला सर्वेक्षण, नकाशे, जीआयएस अशा कामांत वाव आहे. गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपरही आहे. अकरावीतच 'समुद्रविज्ञान' नावाचा कोर्स शोधत फिरू नका.

चव घ्यायची असेल तर 'जीएनएसएसरेफ्ल' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वस्त अँटेना वापरून जर्मनीत ऱ्हाइन नदीची पातळी अशीच मोजली गेली आहे. जाम नदीच्या पुरालाही ही पद्धत परकी नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी झालेल्यांना असतात, आणि इथं रहिवासी दाखला नव्हे, बारावी कुठून केली ते पाहतात. पांढुर्ण्यातून, म्हणजे मध्य प्रदेशातून, बारावी केली तर भोपाळच्या मॅनिटमध्ये हा फायदा. क्लाससाठी नागपूरला जाऊन तिथूनच बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीत. इतर प्रवेशांचे नियम वेगळे असतात, तेही पाहा. नागपूरच्या कॉलेजात अकरावीची फी भरण्याआधी हा हिशेब मांडा.